पाणी पेशीत कधी शिरतं, कधी बाहेर येतं : बटाट्याच्या फोडींवर करून पाहा

वाळवा, पलूस, मिरज भागातल्या कृष्णाकाठच्या क्षारपड रानात पायाखाली माती ओली असते आणि वरचा ऊस मात्र सुकल्यासारखा दिसतो. पाणी आहे, पण मुळाला ते ओढता येत नाही. मुळाच्या पेशीभोवतीचं पटल पाण्याला सहज वाट देतं, मिठाला जवळजवळ देत नाही. ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त, त्या बाजूला पाणी जास्त सरकतं. याला परासरण म्हणतात. बाहेरचं द्रावण पेशीपेक्षा पातळ असेल तर ते अवपरासारी, दाट असेल तर अतिपरासारी, तोलाचं असेल तर समपरासारी. हा तोल नेमका कुठे आहे ते घरच्या घरी एका दुपारात मोजता येतं.

साहित्य : एक मोठा, घट्ट, कोंब न आलेला बटाटा, मीठ, पाच पेले, मोजपात्र आणि निदान ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा. पाणी आरओचं घ्या. बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात, त्यामुळे ‘शून्य टक्के’ हा पेला खऱ्या अर्थाने शून्य राहत नाही.

१. १२ ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग पाणी घालत एकूण ६०० मिली करा. हे झालं २ टक्क्यांचं द्रावण.

२. पेल्यांवर ०, ०.५, १, १.५, २ असे आकडे लिहा. त्यांत हे द्रावण अनुक्रमे ०, ५०, १००, १५० आणि २०० मिली ओता. प्रत्येक पेला साध्या पाण्याने २०० मिलीपर्यंत भरा.

३. बटाटा सोलून ५ सेंमी लांब, १ सेंमी रुंद, १ सेंमी जाड अशा १५ फोडी कापा. सालीचा कणही ठेवू नका, सालीतून पाणी फारसं जात नाही. बटाटा एकच हवा, कारण दोन बटाट्यांतल्या पेशी सारख्या दाट नसतात.

४. फोडी सुती फडक्यावर हलकेच टिपा, तीन-तीनचे गट करा, प्रत्येक गटाचं वजन लिहून ठेवा आणि लगेच पेल्यात टाका. दोन पेल्यांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा.

५. दोन तासांनी त्याच क्रमाने काढा, तसंच टिपा, पुन्हा तोला.

सगळ्यात जास्त चूक टिपण्यात होते. १५ ग्रॅमच्या गटावर अर्धा ग्रॅम पाणी चिकटून राहिलं तरी तीन टक्क्यांचा फरक पडतो, आणि मोजायचा फरकही तेवढाच असतो. म्हणून दोन्ही वेळा टिपणारा हात एकच असावा. फरक ग्रॅममध्ये लिहू नका, मूळ वजनाच्या टक्क्यांत काढा : समजा १५ चे १६.२ ग्रॅम झाले, तर वाढ ८ टक्के.

आता आडव्या रेषेवर मिठाचे टक्के आणि उभ्या रेषेवर वजनातला फरक घेऊन आलेख काढा. रेघ शून्याला जिथे छेदते, ते त्या बटाट्याचं समपरासारी द्रावण. बहुधा हा बिंदू १ टक्क्याच्या थोडा अलीकडे येतो. शीतगृहातल्या बटाट्यात साखर वाढलेली असते, त्यामुळे तो पुढे सरकू शकतो. त्या बिंदूवर पाणी थांबलेलं नसतं. जितकं आत जातं तितकंच बाहेर येतं, एवढंच.

हाताने पाहिलं तरी फरक कळतो. साध्या पाण्यातली फोड वाकवा, कट्‌कन मोडते. आत शिरलेलं पाणी पेशीभित्तिकेवर दाब देत असतं आणि भित्तिका पेशीला फुटू देत नाही. २ टक्क्यांतली फोड रबरासारखी वाकते. तिच्यात पेशीरस आक्रसून भित्तिकेपासून सुटलेला असतो, हाच रससंकोच. रक्तातल्या तांबड्या पेशींना भित्तिका नसते, त्या साध्या पाण्यात फुटतात. म्हणून सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं.

मिठाऐवजी साखर घेतली तर तोच तोल साधायला वजनाने साधारण दहापट लागते. मिठाचे पाण्यात दोन कण होतात, साखरेचा रेणू अखंड राहतो आणि वजनालाही खूप जड असतो. पटलाला वजन कळत नाही, कणांची संख्या कळते.

तासगावचा बेदाणा पाण्यात टाकला तर छान फुगतो आणि मुलांना दाखवायला तो उत्तम आहे. पण तोल मोजायला तो घेऊ नका. वाळताना त्याची पटलं निकामी होतात आणि साखर बाहेर झिरपते. उकडलेला बटाटाही याच कारणाने चालत नाही.

शेवटी २ टक्क्यांतली मऊ फोड साध्या पाण्यात तासभर ठेवा. ती पुन्हा ताठ झाली तर पेशी जिवंत आहेत. रात्रभर मिठात राहिलेली फोड बहुधा तशीच लुळी राहते.