उंदीर तरंगत राहिला, म्हणजे नेमकं काय झालं?

दरवर्षी जुलै-ऑगस्टात एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाची पोरं माझ्या टेबलापाशी येतात. "मॅडम, डिप्रेशनवर काम करायचंय." मी विचारते, "कुणाच्या डिप्रेशनवर?" मग जरा वेळ शांतता.

उंदराला काय वाटतं ते उंदीर सांगत नाही. तो पोहतो, थांबतो, भिंतीला चिकटून चालतो, कधी धीर करून उघड्यावर येतो. आपल्या हातात स्टॉपवॉच आणि त्यावरचे सेकंद, बस. प्रबंधात कुणी "वनस्पतीच्या अर्कामुळे उंदरांचं नैराश्य दूर झालं" असं लिहिलं की मी ते खोडून "निश्चल राहण्याचा वेळ घटला" असं करते. पोरांना वाटतं, मॅडम शब्दांचा कीस पाडतात. पण एवढं एक वाक्य नीट धरलं की प्रयोग कसा मांडायचा ते बरंचसं त्यातूनच निघतं.

आधी मॉडेलकडे, म्हणजे माणसाच्या आजाराची नक्कल म्हणून वापरलेल्या प्राण्याकडे, जरा संशयाने बघायला शिका. पॉल विल्नर यांनी १९८४ मध्ये तीन कसोट्या मांडल्या, त्या आजही पुरतात. प्राणी रुग्णासारखा दिसतो का? माणसाला लागू पडणारी औषधं त्यालाही लागू पडतात का? आणि आजाराच्या मुळाशी जे बिघडतं तेच इथे बिघडलंय का? मनोविकारांत तिन्हींवर पूर्ण उतरणारं मॉडेल सापडत नाही. तुमचं कुठल्या कसोटीवर उतरतं आणि कुठल्यावर नाही, हे प्रस्तावातच लिहून टाका.

नुसत्या दिसण्यावर जाऊ नका, याचं माझं आवडतं उदाहरण लिथियमचं. ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी गिनीपिगना लिथियम टोचलं, तर ते एकदम शांत पडले. उताणे केले तरी धडपडेनात. त्यावरून त्यांनी उन्मादाच्या रुग्णांना लिथियम दिलं, १९४९ मध्ये शोधनिबंध आला, आणि ते औषध आजही दिलं जातं. पण ते गिनीपिग शांत झाले होते की लिथियमच्या विषबाधेने मलूल पडले होते? बहुतेक जाणकार दुसरंच मानतात. उत्तर बरोबर, रीत गडबडलेली. परीक्षेत अशाला मी निम्मे मार्क दिले असते.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या सर्पगंधेचं. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्या मुळाचा उपयोग रक्तदाबावर आणि वेडावर सांगितला होता. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये त्यातून रिसर्पिन वेगळं निघालं. मग स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं. ससे कान पाडून निश्चल बसले. त्यांना एल-डोपा दिल्यावर ते पुन्हा हलू लागले. रिसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं, एल-डोपा तो भरून काढतं. म्हणजे ससा निश्चल का बसला, त्यामागचं रसायन इथे हाताशी होतं. पार्किन्सनवरच्या उपचाराची वाट इथूनच निघाली. २००० साली कार्लसन नोबेलचे एक मानकरी ठरले.

आता कामाचं. कागद आधी, उंदीर नंतर. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीकडे फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरून द्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती पूर्वी सीपीसीएसईए होती, आता तिला सीसीएसईए म्हणतात. फॉर्ममध्ये प्राण्यांचा आकडा का तेवढाच, हे विचारतात. "प्रत्येक गटात सहा, कारण सगळे सहाच घेतात" हे उत्तर नव्हे. आपल्याकडे सहाचा आकडा सत्यनारायणाच्या प्रसादासारखा वाटला जातो. आधीच्या कामातून फरक किती आणि विखुरणी किती याचा अंदाज घ्या आणि त्यावरून संख्या काढा. संख्याशास्त्राच्या सरांकडे प्रयोगाआधी जा. नंतर गेलात तर ते फक्त हळहळतील.

उंदीर आले की निदान आठवडाभर त्यांना नुसतं राहू द्या. तूस, पाणी, खाणं, बारा तास उजेड, बारा तास अंधार. याच दिवसांत त्यांना तुमच्या हाताची सवय लावा. शेपटीला धरून उचलायची आपली जुनी खोड मोडायला हवी. जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की शेपटीने उचललेले उंदीर जास्त भेदरलेले राहतात. नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले तसे राहत नाहीत. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीचा पाइप आणला आणि वीतभर लांबीचे तुकडे पाडले. उंदीर आपणहून आत शिरतो. वासाचंही तसंच. २०१४ मध्ये कॅनडातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं की पुरुषाच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो, त्याने घातलेला टी-शर्ट शेजारी ठेवला तरी. म्हणून पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने उंदीर हाताळावेत. अत्तर, सेंट बंद.

चिंतेसाठी एलिव्हेटेड प्लस मेझ. अधिक चिन्हाच्या आकाराचा, जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटर उंच. दोन हात उघडे, दोन भिंतींचे. उंदराला मध्ये, उघड्या हाताकडे तोंड करून सोडायचं आणि पाच मिनिटं बघायचं. चारही पाय आत गेले तरच 'प्रवेश'. डायझेपाम हे चिंतेवरचं औषध दिलेला उंदीर उघड्यावर जास्त वेळ काढतो. बंद हातांतले प्रवेशही मोजा, ते घटले तर उंदीर निर्भय नाही, गुंगलाय. एक उंदीर एकदाच. दुसऱ्यांदा सोडलात तर डायझेपामचा परिणामही दिसेनासा होतो. सुतार लाकडी मेझ छान करून देतो, पण लाकूड मूत्र पिऊन बसतं आणि पुसून वास जात नाही. ॲक्रिलिकचा करून घ्या. दर उंदरानंतर पातळ अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या.

माझ्या स्वतःच्या प्रबंधाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. दिवसा तास असायचे, म्हणून मी प्रयोग संध्याकाळी करायचे. पहिल्या दिवशी कंट्रोल गट, म्हणजे औषध न दिलेले उंदीर, उरकला, दुसऱ्या दिवशी अर्काचा, तिसऱ्या दिवशी डायझेपामचा. निकाल बघून मी हवेत. अर्काने डायझेपामला मागे टाकलं होतं! गाइडनी वही चाळली, तारखा बघितल्या आणि विचारलं, "ऑगस्टात, संध्याकाळी सात वाजता, पहिल्या दिवशी मागच्या मैदानात काय चालू होतं?" ढोल-ताशा पथकाचा सराव. कंट्रोलचे बिचारे उंदीर भिंतीआडून बाहेर यायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी पावसाने सराव बंद. तिसऱ्या दिवशी पुन्हा दणदणाट. माझा अर्क म्हणजे तो पाऊस होता. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून रोज प्रत्येक गटातले थोडे थोडे उंदीर, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने, हा आमच्याकडचा नियम आहे.

आता पोहण्याची चाचणी. रॉजर पोरसोल्ट यांनी १९७७ मध्ये ती आणली. काचेचं उभट भांडं घ्या, पाणी निदान १५ सेंटिमीटर खोल, शेपूट तळाला टेकता कामा नये. पाणी २३ ते २५ अंश. थर्मामीटर लावा, हाताच्या अंदाजावर नको. हिवाळ्यात सकाळी टाकीचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं. दर उंदराला ताजं पाणी. एकूण सहा मिनिटं, त्यातली शेवटची चार मोजायची. नाक पाण्यावर ठेवण्यापुरती हालचाल म्हणजे निश्चल. नैराश्यावरचं औषध दिलेला उंदीर असा कमी वेळ थांबतो. एक पाय आळसावून मारला तर? त्यावर दोन मोजणाऱ्यांचं एकमत आधी व्हिडिओवर करून घ्या. बुडायला लागलेला उंदीर लगेच उचला. सहा मिनिटांत चहा प्यायला जायचं नाही. बाहेर काढला की टॉवेलने टिपा, कोरड्या पिंजऱ्यात ऊब द्या आणि सुकला की मग सोबत्यांत सोडा.

डोसचं गणित तोंडपाठ हवं. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध २० मिलिग्रॅम प्रति किलो, आकारमान १० मिलिलिटर प्रति किलो धरलं, तर द्रावण २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं, आणि २५ ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिलिलिटर. वजन त्याच दिवशी सकाळचं घ्या, मागच्या आठवड्याचं नाही. बाटल्यांवर नावं नकोत, क-ख-ग अशा खुणा, आणि खुणांची यादी दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाटात. आपलं औषध कुठलं हे माहीत असलं की स्टॉपवॉचवरचा अंगठा अर्धा सेकंद आधी हलतो. स्वतःवर भरवसा असलेल्यांचा तर जास्तच.

इथे एक चकवा आहे. कॅफिन किंवा ॲम्फेटामिन दिलं तरी उंदीर कमी थांबतो, कारण तो मुळात जास्त हलत असतो. म्हणून त्याच डोसला वेगळ्या उंदरांची ॲक्टोफोटोमीटर या हालचाल मोजायच्या यंत्रावर हालचाल मोजल्याशिवाय पोहण्याचा आकडा कुणाला दाखवू नका. दुसरी अडचण जुनी आहे: माणसाला नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतात, उंदीर एका इंजेक्शनवर बदलतो. तेव्हा ही चाचणी फार तर औषधं चाळायची चाळणी. उंदीर थांबतो तो हताश होऊन की दम राखायला, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि काही देशांत तिच्यावर बंधनंही येऊ लागली आहेत. आपल्याकडेही २०२३ पासून औषध नियमांत प्राण्यांविना चाचण्यांना जागा झाली. मी हल्ली पोरांना विचारते, पोहवल्याशिवाय तुझा प्रश्न सुटतो का? पुष्कळदा एक टक्का साखरेच्या पाण्याची बाटली साध्या पाण्याशेजारी ठेवून, उंदीर कुठली जास्त पितो, म्हणजे त्याची गोडाची ओढ टिकलीय का, हे बघणं पुरतं. त्यातही बाटल्यांच्या जागा रोज अदलाबदल करा. काही उंदीर डावरेच असतात, साखर कुठेही असो.

शेवटी नोंदी. मेझवरून खाली पडलेला उंदीर धरायचा की वगळायचा, हे प्रयोगाआधी लिहून ठेवा. निकाल बघून वगळलेला उंदीर म्हणजे हातचलाखी. आमच्या प्राणीगृहातल्या मामांचं एक जाडजूड रजिस्टर आहे, प्रत्येक पिंजऱ्याची आवक-जावक त्यात असते. गेल्या वर्षी एक पोरगा सही घ्यायला गेला. मामांनी त्याचा प्रबंध चाळला, मग रजिस्टर उघडलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पोरा, तू अठ्ठेचाळीस नेलेस. हितं सत्तेचाळीस लिवलेस. एक कुठं गेला?"

तो उंदीर तक्ता क्रमांक तीनच्या खाली गेला, तळटिपेत, कारणासकट.