खाणीच्या गावातल्या जुन्या दफनभूमीची यादी कशी करायची

आपल्या नागपूर जिल्ह्यात मॅंगनीज निघायला लागलं 1900च्या सुमारास, म्हणजे मनसर-कांद्रीसारख्या गावांत गेल्या सव्वाशे वर्षांतली माणसं मातीखाली आहेत, आणि यादी करायची म्हटलं की बहुतेक जण मोबाईल घेऊन थेट दगडांचे फोटो काढत सुटतात. काढा ना, पण दगड ज्याला परवडला त्याचाच असतो. खाणीत राबणाऱ्याच्या वाट्याला मातीचा उंचवटा नि चार गोटे, तेही दोन पावसाळ्यांत बसतात.

जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारून डिसेंबर-जानेवारीत जा, त्याआधी गवत कमरेएवढं असतं आणि मे मध्ये तर सकाळी नऊलाच डोकं तापतं राजेहो. आधी वहीत नकाशा, रांगा, मग प्रत्येक कबरीला नंबर, बिननावाच्या पण. 'नाव नाही, लांबी अडीच फूट, लहान मूल असावं' एवढं लिहिलं तरी ती ओळ कामाची.

अक्षरं झिजली असतील तर तारेचा ब्रश, खडू, पीठ, ॲसिड काहीही लावायचं नाही. उन्हं कलल्यावर बाजूनं आरसा धरून दगडावर आडवा उजेड टाका, 3 आहे का 8 ते बरोबर दिसतं. कोरलंय तसंच टाईप करा, स्पेलिंग चुकलेलं असलं तरी, आपला अंदाज वेगळ्या कॉलममध्ये. कब्रस्तानात नुसतं हिजरी साल असेल तर एकच इंग्रजी साल ठोकून देऊ नका, 1337 हिजरी म्हणजे ऑक्टोबर 1918 ते सप्टेंबर 1919.

दगड फुटलेला असेल तर ओ. एस. क्रॉफ्टनची 1932ची यादी बघा, मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या थडग्यांवरचे लेख त्यात आहेत, अर्थात बहुतेक साहेब लोकांचेच. ख्रिश्चन नोंदींसाठी चर्चचं बरियल रजिस्टर. कामठीच्या छावणीत मद्रासची फौज असायची, त्यामुळे तिथल्या जुन्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मद्रासच्या गठ्ठ्यात शोधाव्या लागतात, नागपूर म्हणून शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

मजुरांसाठी मात्र कोतवाल बुक. ज्या घरात जात पडताळणी झाली त्यांना हे नाव पाठ असतं, गावातले जन्म-मृत्यू कोतवालानं लिहिलेले, नाव, बापाचं नाव, जात, कारण. नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून, अर्जात गाव आणि साल नीट लिहा, मोघम अर्ज परत येतो. काही पानं मोडी लिपीत लिहिलेली निघाली तर वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा. 1918च्या शेवटच्या तीन महिन्यांची पानं मिळाली तर वेळ काढून बसा, इन्फ्लुएंझात मध्य प्रांत फार वाईट होरपळला होता, आणि कारणाच्या रकान्यात बहुधा नुसतं 'ताप' असतं.

पण कोतवाल बुकात मृत्यू असतो, दफन नाही, जाळलेले पण त्यातच. म्हणून ही नावं सरळ यादीत ओतू नका, 'मृत्यू नोंद आहे, दफन पक्कं नाही' असा शेरा मारा. एकाच माणसाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं असणारच, वय जुळलं आणि तारखेत दोन-चार दिवसांचाच फरक असला तरी ओळी एकत्र करू नका, एकमेकींचा नंबर शेजारी टाका.

आणि शेवटी कागदावर छापून एक प्रत चर्च किंवा कब्रस्तान कमिटीला, एक ग्रामपंचायतीला द्या, पेनड्राईव्ह कोणी उघडत नाही.