ब्रिटनमध्ये मुलाखतीला जाण्याआधी कंपनीची चौकशी कशी करावी

नव्याने आलेली मुलं-मुली मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा कंपनीच्या वेबसाइटवरचं सगळं त्यांना तोंडपाठ असतं. कंपनीला आपण आवडावं म्हणून केलेली ही मेहनत वाया जात नाही. पण ज्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, त्यांनी आधी उलट्या बाजूची चौकशी करायला हवी: ही कंपनी आपल्याला कामावर ठेवण्याच्या परिस्थितीत आहे का? स्पॉन्सरचं, म्हणजे ज्याच्या नोकरीवर तुमचा व्हिसा उभा आहे त्या मालकाचं, लायसन्स रद्द झालं, तर दुसरा स्पॉन्सर शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवस मिळतात. घरभाडं, मुलांची शाळा, सगळं त्या ६० दिवसांत अडकतं.

सुरुवात कंपनीच्या वेबसाइटच्या अगदी तळापासून करा. नोंदणीकृत नाव, कंपनी क्रमांक आणि नोंदणीकृत पत्ता वेबसाइटवर देणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. पाटीवरचं नाव आणि कागदावरचं नाव पुष्कळदा वेगळं असतं, आणि पुढची सगळी शोधाशोध कागदावरच्या नावानेच करायची असते.

ते नाव हाती आलं की होम ऑफिसची, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याची, लायसन्सधारक स्पॉन्सरांची यादी उघडा. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळते आणि वारंवार अद्ययावत होते. नावासोबत गाव, रेटिंग आणि व्हिसाचा प्रकार दिलेला असतो. ‘स्किल्ड वर्कर’ लिहिलं आहे ना, रेटिंग ‘ए’ आहे ना, हे बघा. ‘बी’ असेल तर रेटिंग सुधारेपर्यंत त्या कंपनीला नवा माणूस स्पॉन्सर करता येत नाही. यादीत नाव असलं म्हणजे याच जागेसाठी स्पॉन्सरशिप मिळेल असंही नाही. हा प्रश्न मुलाखतीच्या खोलीत नेऊ नका, आधीच एचआरला ईमेलवर विचारा. लेखी उत्तर हाती राहतं.

यानंतर कंपनीज हाउस, म्हणजे कंपन्यांची सरकारी नोंदवही. माझ्या मते नव्या माणसासाठी या देशातली ही सर्वांत मोठी सोय आहे. कुठल्याही नोंदणीकृत कंपनीचे हिशेब, डायरेक्टर, कर्जापोटी तारण ठेवलेली मालमत्ता, सगळं घरबसल्या, फुकट वाचता येतं. आधी कंपनीची सद्यस्थिती पाहा. ‘ॲक्टिव्ह’च्या पुढे ‘प्रपोझल टू स्ट्राइक ऑफ’ असं लिहिलं असेल, तर कंपनी नोंदवहीतून काढून टाकण्याची प्रक्रिया सुरू झालेली आहे. मग हिशेब वेळेवर भरलेत का ते बघा. खाजगी कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांची मुदत असते. एखाद्या वर्षी उशीर होऊ शकतो. दरवर्षीच ‘ओव्हरड्यू’ दिसत असेल तर तिथली शिस्तच ढिली आहे असं मी समजते.

हिशेबाची पीडीएफ उघडायला घाबरू नका. छोट्या कंपन्या नफा-तोट्याचं पत्रक बहुधा जाहीर करत नाहीत, पण ताळेबंद असतो, आणि त्यात मागच्या वर्षीचे आकडे शेजारीच छापलेले असतात. वर्षभरात देणं फेडता येईल इतकी चालू मालमत्ता आहे का? कर्मचाऱ्यांची सरासरी संख्या वाढली की घटली? टिपांमध्ये ‘गोइंग कन्सर्न’चा, म्हणजे कंपनी पुढे चालू राहण्याबद्दलचा, परिच्छेद शोधा. तिथे ‘मटेरियल अनसर्टन्टी’ (मोठी अनिश्चितता) हे शब्द आले, तर याची खात्री हिशेब करणाऱ्यांनाच नाही. तोटा दिसला म्हणून लगेच पाठ फिरवू नका. नवी कंपनी गुंतवणुकीच्या पैशावर काही वर्षं तोट्यात चालते, आणि मोठ्या समूहातल्या उपकंपनीला मूळ कंपनीचा आधार असतो. डायरेक्टरच्या नावावर क्लिक केलं की त्याच्या इतर कंपन्याही दिसतात. एकाच माणसाच्या एकामागून एक कंपन्या बंद पडलेल्या असतील, तर थांबून विचार करा.

कामगार न्यायाधिकरणाचे, म्हणजे एम्प्लॉयमेंट ट्रिब्यूनलचे, निकाल २०१७ पासून ऑनलाइन प्रसिद्ध होतात. कंपनीचं नाव टाकून शोधा, आणि नुसतं नाव सापडलं म्हणून निष्कर्ष काढू नका. निकाल वाचा, कदाचित दावा फेटाळला गेला असेल. पगार कापल्याच्या तक्रारी मात्र पुन्हा पुन्हा मान्य झालेल्या दिसल्या, तर तिथे न गेलेलंच बरं. इंग्लंडमध्ये केअर होममध्ये जाणार असाल तर सीक्यूसी या देखरेख संस्थेचा तपासणी अहवाल, एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, जाणार असाल तर तिथली रुग्णालयं चालवणाऱ्या त्या ट्रस्टचा दरवर्षीचा स्टाफ सर्व्हे वाचा. ग्लासडोर या वेबसाइटवर कर्मचारी कंपनीबद्दल लिहितात, त्या निनावी मतांना मी यापेक्षा बरंच कमी वजन देते.

आणि पैशाबद्दल स्पष्ट सांगते. नोकरी मिळवून देण्याबद्दल एजन्सीने तुमच्याकडून फी घेणं इथे बेकायदेशीर आहे. अपवाद मनोरंजन आणि मॉडेलिंगसारख्या मोजक्या क्षेत्रांचा. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटची फी आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी माणूस ठेवल्याबद्दलचा सरकारी आकार) हे मालकाने भरायचे असतात. स्किल्ड वर्करकडून ते वसूल करता येत नाहीत. व्हिसाच्या अर्जाची फी आणि आरोग्य अधिभार तुमच्यावर येऊ शकतो, तेवढंच. याउपर कुणी रक्कम मागितली, मग तो आपल्या भाषेत कितीही गोड बोलणारा असो, तिथून निघा. घरचे दागिने मोडून असे पैसे भरणाऱ्यांबद्दल ऐकलं की जीव तुटतो.

एवढं वाचून झालं की मुलाखतीत ते घडाघडा म्हणून दाखवू नका. एकच प्रश्न नीट बेतून न्या. ‘दोन वर्षांत तुमची माणसं बरीच वाढलेली दिसतात, नव्या लोकांना शिकवण्याची जबाबदारी या टीममध्ये कोणाकडे आहे?’ असा प्रश्न तयारी दाखवतो, आणि त्याच्या उत्तरातून तिथले दिवस कसे जातील हेही कळतं. हिशेबातली कमजोरी विचारायची असेल तर आरोपाचा सूर नको. ‘पुढच्या वर्षभरात या टीमसाठी काय योजना आहेत?’ एवढं पुरतं. समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर तेही टिपून ठेवा.

ऑफर आली की स्पॉन्सरांची यादी पुन्हा एकदा उघडा, कारण मधल्या आठवड्यांत लायसन्स जाऊ शकतं. आणि हातातल्या नोकरीचा राजीनामा सही केलेला करार मिळाल्यानंतरच द्या.