सेलेस्टियल नेव्हिगेशनचा ऑनलाईन कोर्स घेताय? आधी त्यांना जूनचा सूर्य विचारा

सेलेस्टियल नेव्हिगेशन म्हणजे सूर्य-ताऱ्यांवरून समुद्रात जहाजाची जागा काढणं. जहाजावर डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) असताना आणि पुढे सेकंड मेट या अधिकारी परीक्षेच्या ओरल्सची (तोंडी परीक्षेची) तयारी करताना सेलेस्टियलची ऑनलाईन लेक्चर्स मी ढिगाने बघितली, आता ज्युनियर पोरं विचारतात की दादा कुठला कोर्स घेऊ, तर मी नाव सांगत नाही, पारखायचा कसा ते सांगतो.

पहिलं म्हणजे नून साइट, म्हणजे भर दुपारी सूर्याची उंची मोजून लॅटिट्यूड (अक्षांश) काढणं, कशी शिकवतात ते बघा. बरेच कोर्स युरोप-अमेरिकेत बनलेत, त्यात सांगतात की दुपारी सूर्य दक्षिणेला, उन्हाळ्यात झेनिथ डिस्टन्समध्ये (झेनिथ, म्हणजे बरोबर डोक्यावरचा बिंदू, तिथून सूर्यापर्यंतचा कोन) डेक्लिनेशन (सूर्य इक्वेटरच्या किती डिग्री उत्तरेला किंवा दक्षिणेला) मिळवा, झालं लॅटिट्यूड. त्यांच्याकडे ते बरोबरच आहे. पण मुंबईत मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो ना, तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. 21 जूनला डेक्लिनेशन 23 डिग्री 26 मिनिटं उत्तर, मुंबई साधारण 18 डिग्री 55 मिनिटं, म्हणजे झेनिथ डिस्टन्स 4 डिग्री 31 मिनिटं आणि ते डेक्लिनेशनमधून वजा करायचं. पाठ केलेला फॉर्म्युला लावून मिळवलंत तर 27 डिग्री 57 मिनिटं येतं, म्हणजे जहाज बिकानेरजवळ! त्यामुळे जो सर आधी आकृती काढतो, झेनिथ कुठे, इक्वेटर कुठे, सूर्य कुठल्या बाजूला हे दाखवतो आणि मग बेरीज-वजाबाकीवर येतो, त्याच्याकडेच शिका. त्याहून चांगला सर पुढे हेही सांगेल की इतक्या उंच सूर्याला नेहमीची सरळ पोझिशन लाईन (जिच्यावर जहाज कुठेतरी असतं ती चार्टवरची रेघ) चालत नाही, कारण ती लाईन म्हणजे खरं तर एका मोठ्या सर्कलचा तुकडा, आणि इथे त्या सर्कलची त्रिज्या जेमतेम 271 सागरी मैल (कोनाचा 1 मिनिट म्हणजे 1 मैल), तेव्हा जिओग्राफिकल पोझिशनभोवती, म्हणजे सूर्य जिथे बरोबर डोक्यावर आहे त्या जागेभोवती, सर्कलच काढायचं.

दुसरं, उदाहरण कुठून सुरू होतं? सेक्स्टंटच्या (कोन मोजायच्या उपकरणाच्या) कच्च्या रीडिंगपासून की आधीच दुरुस्त केलेल्या अल्टिट्यूडपासून (हॉरायझनपासूनच्या उंचीपासून)? इंडेक्स एरर (सेक्स्टंटची स्वतःची चूक), डिप (डोळा उंचावर असल्याने हॉरायझन खाली दिसतो त्याची दुरुस्ती), रिफ्रॅक्शन (हवेत प्रकाश वाकतो त्याची), सेमी-डायमीटर (कडेपासून सूर्याच्या मध्यापर्यंतची) सगळं समोर करून दाखवलं पाहिजे. हाईट ऑफ आय (पाण्यापासून डोळ्याची उंची) 16 मीटर असेल तर नुसता डिप 7 मिनिटांचा, तो विसरलात की पोझिशन लाईन 7 मैल सरकली. वेळ पण सेकंदापर्यंत घ्यायला लावतात का बघा, 4 सेकंदांची चूक म्हणजे लॉन्जिट्यूडमध्ये (रेखांशात) कोनाचा 1 मिनिट. अल्मनॅक (सूर्य-ताऱ्यांच्या रोजच्या जागा देणारं पुस्तक) आणि टेबल्स न उघडता थेट ॲपमध्ये आकडे टाकायला सांगत असतील तर मी तरी पैसे देणार नाही, ओरल्सला एक्झामिनर प्रत्येक करेक्शन का ते विचारतो तेव्हा ॲप सोबत नसतं. मान्यताप्राप्त म्हणून विकत असतील तर डीजी शिपिंगची (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याची) मान्यता खरंच आहे का ते आधी तपासा.

हाताचं काम मात्र व्हिडिओने अर्धंच येतं. सेक्स्टंट झुलवताना सूर्याची खालची कड हॉरायझनला कशी टेकते ते टेलिस्कोपमधून शूट करून दाखवणारी लेक्चर्स शोधा, आणि घरी ताटात तेल ओतून त्यातल्या प्रतिबिंबावर सराव करा. कोन दुप्पट येतो, तो इंडेक्स एररनंतर निम्मा करायचा, डिप लावायचा नाही. सेक्स्टंट साधारण 120 डिग्रीपर्यंतच मोजतो म्हणून सूर्य 60 च्या खाली असताना, सकाळी किंवा दुपार कलल्यावर बसायचं. आणि शेड्स (सेक्स्टंटच्या गडद काचा) दोन्हीकडे लावूनच, प्रतिबिंब बघतानासुद्धा, डोळ्यांशी खेळ नको.