ओबीडी स्कॅनरवर इंजिनाचे आकडे कसे वाचावेत

बहुतेक जण ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे आणि दोष वाचणारं उपकरण) घेतात चेक इंजिनचा दिवा लागल्यावर आणि वापरतात तो दिवा घालवायला. खरा उपयोग उलटा आहे. गाडी ठणठणीत असतानाच आकडे टिपून ठेवले, तर पुढे काय बिनसलं ते चटकन कळतं. खालचे आकडे पेट्रोल इंजिनाचे आहेत.

ईएलएम३२७ जातीचा (त्या चिपवर चालणारा, गाडीला फोन जोडणारा) ॲडॉप्टर आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखं ॲप एवढं पुरतं. आयफोनला साधा ब्लूटूथ ॲडॉप्टर चालत नाही, वाय-फायचा किंवा ब्लूटूथ एलईचा घ्या.

१. स्टीअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. इग्निशन बंद ठेवून ॲडॉप्टर बसवा, मग चावी ऑनवर फिरवा. ब्लूटूथ जोडणीचा पासकोड बहुधा १२३४ किंवा ०००० असतो.

२. आधी कोड (दोषांचे क्रमांक) वाचा, पेंडिंग कोडसुद्धा. पेंडिंग म्हणजे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरला, दोष दिसलाय, पण दिवा लावण्याइतकी खात्री झालेली नाही.

३. रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आणि इनटेक (इंजिनात जाणाऱ्या) हवेचं तापमान पाहा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. बरीच तफावत असेल तर एक सेन्सर खोटं बोलतोय.

४. गाडी मोकळ्या जागी सुरू करा. कूलंट साधारण ८५ ते १०० अंशांवर स्थिरावतं. हायवेवरही ते ७० च्या पुढे जात नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उघडबंद करणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय आणि ॲव्हरेज तिथेच जातंय. गरम इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) बहुधा ७०० ते ८५० आरपीएमवर, मॅप (इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब) ३० ते ४० केपीए, म्हणजे किलोपास्कलच्या आसपास.

५. आता फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या ठरलेल्या मात्रेत टक्क्यांत करत असलेली दुरुस्ती. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेली), दोन्हींची बेरीज करा. बेरीज अधिक म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा जास्त पेट्रोल सोडतोय. उणे-अधिक ५ टक्क्यांत काळजी नाही, सतत १० च्या वर असेल तर शोध घ्या. एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएमवर पाहा, कारण निदान या फरकातच दडलेलं असतं. मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत आयडलला +१५ आणि २५०० वर +३ असं दिसलं तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय: फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट. आयडलला एकूण हवाच कमी, म्हणून गळतीचा वाटा मोठा. उलट लोड वाढेल तशी बेरीज चढत गेली तर पेट्रोलचा फिल्टर, पंप किंवा मळलेला मॅफ तपासा. फक्त मॅप सेन्सर असलेल्या गाडीत मात्र हीच गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही. मॅपचा आकडा आणि आयडल चढलेलं दिसतं. इथे गॅरेजवालेही फसतात. सीएनजी किट असेल तर पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळं तपासा.

६. पी०३०१ आला तर एक नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय. त्याची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी) दोन नंबरवरच्या कॉइलशी अदलाबदल करून पाहा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (दोष आला त्या क्षणाच्या आकड्यांच्या नोंदीचा) स्क्रीनशॉट घ्या, कोडबरोबर तीही पुसली जाते. चालत्या गाडीत आकडे शेजारी बसलेल्याने पाहावेत. काम झालं की ॲडॉप्टर काढा. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो. पंधरवडाभर उभ्या गाडीची बॅटरी त्यानेही बसते.