किडनीतली सिस्ट साधी की कर्करोगाची? या चुका टाळा

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये '९ सेंमीची सिस्ट' वाचून पेशंटची झोप उडते आणि शेजारच्या २ सेंमीच्या गाठीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पहिली चूक हीच. आकारावरून काही ठरत नाही. पाण्यासारखा द्रव, कागदासारखी पातळ भिंत आणि आत काहीच नाही, अशी सिस्ट कितीही मोठी असली तरी साधीच. बघायचं ते भिंत, आतले पडदे आणि भिंतीला चिकटलेला घट्ट गोळा. यांतलं काय कॉन्ट्रास्ट (तपासणीसाठी शिरेतून देतात ते औषध) घेतं, हा खरा प्रश्न.

तो नुसत्या नजरेनं सोडवू नका, मोजा. समजा, फक्त कॉन्ट्रास्टनंतरचा सीटी हातात आहे आणि गाठ भरते ७५ हाउन्सफील्ड युनिट (सीटीतलं घनतेचं माप). घाईत 'ट्यूमर' लिहून मोकळे होतात. कॉन्ट्रास्टशिवायच्या सीटीतही तीच गाठ ७४ भरली, तर तिनं काहीच घेतलेलं नाही. आत जुनं रक्त किंवा प्रथिनं आहेत. कॉन्ट्रास्टनंतर आकड्यातली वाढ २० युनिट किंवा त्याहून जास्त असेल तरच ती खरी. १० ते २० म्हणजे कुंपणावर. किडनीच्या आत रुतलेल्या बारक्या सिस्टमध्ये सीटी अशी खोटी वाढ हमखास दाखवतो. तिथे एमआरआय करा. आणि स्क्रीनवर गाठीत काढतात ते मोजायचं वर्तुळ काठाला टेकवू नका, शेजारची किडनीच मोजली जाते!

किडनीतल्या सिस्टचे कर्करोगाच्या शक्यतेनुसार वर्ग पाडणारं बॉस्नियाक वर्गीकरण (१९८६चं, २०१९मध्ये सुधारलेलं) लावतानाही गफलत होते. गळू झालेली सिस्ट किंवा मधोमध सडलेला घट्ट ट्यूमर त्यात बसवायचाच नसतो. ताप आणि लघवीतला पू विचारल्याशिवाय जाड भिंतीवर मत देऊ नये.

त्यातल्या 'टू-एफ' या वर्गातला 'एफ' फॉलो-अपचा. तो वाचताना गळतो आणि पेशंट घरी जातो. सहा महिन्यांनी, वर्षानं, मग दरवर्षी अशी पाच वर्षं तपासणी लागते. उलट, तिसऱ्या वर्गातल्या काढलेल्या सिस्टपैकी जवळपास निम्म्या कर्करोगाच्या नसतात, त्यामुळे वर्ग कळताच ऑपरेशनची तारीख घेणं मला पटत नाही. चौथ्या वर्गाचं वेगळं, तिथे बहुतेक कर्करोगच असतो.

सुईनं पाणी काढलं, त्यात कर्करोगाच्या पेशी नाहीत, म्हणून निश्चिंत होणारेही भेटतात. पेशी भिंतीत असतात. पाण्यात त्या उतरतीलच असं नाही.