डिसअॅबिलिटी पेन्शनचा क्लेम रिजेक्ट आला म्हणून कागदं ट्रंकेत टाकून देऊ नका

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावचा एक भाऊ घरी आला, तोफखान्यातून हवालदार म्हणून पेन्शनवर आलेला. अंगणात बाजेवर बसला होता, मी मागून दोनदा इचारलं चहा घेता का, तं पठ्ठ्याले पत्ताच नाही. सतरा वर्षं तोफेजवळ उभा राहिला, उजवा कान जवळपास गेला, अन् पेन्शन मात्र साधी सर्विसचीच. कारण घरी येतानाच्या मेडिकल बोर्डानं त्याच्या कागदावर 'नाना', म्हणजे दुखण्याचा नोकरीशी संबंध नाही, असं लिहून दिलं होतं. मी म्हटलं अपील केली का, तं म्हणे, "रिजेक्ट आलं ना भाऊ, आता सरकारसंग भांडतो का मी?" असे लय जण आहेत आपल्याकडे, म्हणून हे लिहून राहिलो.

पहिले एक गोष्ट. 21 सप्टेंबर 2023 पासून जे घरी आले त्यांना नवीन नियम लागतात, त्यात शब्दही बदलले, 'इम्पेअरमेंट रिलीफ' वगैरे. मी खाली सांगतो ते त्याच्या आधी पेन्शनवर आलेल्यांचं.

तर नाना म्हणजे नायदर अॅट्रिब्युटेबल नॉर अॅग्रॅव्हेटेड. बोर्ड दोन प्रश्न इचारते. दुखणं नोकरीमुळं झालं का, अन् नसेल झालं तर नोकरीमुळं वाढलं का. नांगरताना बैलाचा पाय दगडात गेला तं ते अॅट्रिब्युटेबल. बैल पहिलेच थोडा लंगडत होता अन् तुम्ही त्याला तसाच वखराला जुंपला अन् तो बसला, तर ते अॅग्रॅव्हेटेड. दोन्हीपैकी एक बी 'हो' असलं अन् अपंगत्वाचा टक्का 20 किंवा त्याच्यावर असला की डिसअॅबिलिटी एलिमेंटचा, म्हणजे साध्या पेन्शनवर अपंगत्वाच्या वेगळ्या रकमेचा, हक्क येतो. आपले लोक 'नोकरीमुळं झालं' हेच सिद्ध करत बसतात, अन् 'नोकरीमुळं वाढलं' हा सोपा रस्ता सोडून देतात. बीपी, शुगर, हार्ट यांच्यात तं बहुतेक भांडण वाढलं का याचंच असते.

पैशाचा हिशोब सांगतो म्हणजे कळन की कायले लागायचं मागं. 100 टक्के डिसअॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळते, टक्का कमी तशी रक्कम कमी. समजा बेसिक 39,200 अन् एमएसपी म्हणजे मिलिटरी सर्विस पे 5,200, झाले 44,400. त्याचे 30 टक्के 13,320. आता 20 टक्क्यानं धरलं तर 2,664 होते. पण ब्रॉड बँडिंग मिळालं तर 50 च्या खालचा टक्का 50 धरतात, मग तेच 6,660 होते, वरून महागाई रिलीफ. 50 ते 75 वाल्याला 75 अन् त्याच्या वरच्याला 100. हे पहिले फक्त मेडिकलवर बाहेर काढलेल्यांनाच देत होते, पण सुप्रीम कोर्टानं 10 डिसेंबर 2014 ला राम अवतारच्या केसमध्ये सांगितलं की मुदत पुरी करून आलेल्यालाही द्या. आपोआप मिळन अशा भरवशावर राहू नका, मागा.

आता कागद. माझंच सांगतो. बीपीईटी म्हणजे फौजेतली फिटनेसची परीक्षा, तिच्या पाच किलोमीटरच्या रनिंगमध्ये पावसात घसरलो, गुडघा फिरला. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, पट्टी बांधली, ब्रुफेन दिली, तीन दिवस लाइट ड्युटी. मी बी मर्द गडी, उस्ताद म्हणे बरा आहे ना, मी म्हटलं हो साहेब. इंजुरी रिपोर्ट भरायचा राहूनच गेला. तो फॉर्म आयएएफवाय 2006, युनिटनं भरायचा असतो, सीओची म्हणजे कमांडिंग ऑफिसरची सही असते, जखम ड्युटीवर झाली का नाही ते त्यात येते. वीस वर्षांनी रिलीज बोर्डात, म्हणजे घरी येतानाच्या मेडिकल बोर्डात, साहेबानं इचारलं, गुडघ्याचा इंजुरी रिपोर्ट कुठं आहे. माझ्यापाशी काय होतं, तं गुडघा. टक्का 20 दिला अन् पुढं नाना.

जे अजून नोकरीत आहेत त्यांनी हे वाचून पोराला बी सांगा. युनिटची मॅच असो, पीटी असो का सुट्टीवर येता-जातानाचा अपघात असो, रिपोर्ट भरून घ्या अन् त्याची झेरॉक्स घरी पाठवा. नंतर क्लर्कही बदलते, सीओही बदलतो.

माझ्यासारखं झालं असन तं काय करायचं? आरटीआय. दहा रुपयाची पोस्टल ऑर्डर लावून आपल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवायचा अन् त्यात गोलमोल लिहायचं नाही, नाव घेऊन मागायचं: रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रोसिडिंग म्हणजे एएफएमएसएफ 16, भरतीवेळचा मेडिकल फॉर्म, जितक्या वेळा मेडिकल कॅटेगरी खाली आली त्या प्रत्येक बोर्डाचा कागद, हॉस्पिटलमध्ये भरती होतो तेव्हाची केस शीट, अन् पार्ट टू ऑर्डर म्हणजे युनिटनं तुमच्याबद्दल काढलेल्या नोंदीचे आदेश. 30 दिवसात उत्तर नाही आलं तर त्याच कायद्यात पहिली अपील आहे. मला त्यातून दोन पानं भेटली, एका मिलिटरी हॉस्पिटलात त्याच गुडघ्यासाठी अकरा दिवस भरती होतो त्याची. मी सपशेल इसरून गेलो होतो! त्या दोन पानांवर माझं सगळं काम झालं.

एएफएमएसएफ 16 हातात आला की घाई करू नका, दुपारी जेवून निवांत बसा, इंग्रजी जड जात असन तं गावातल्या मास्तरला नाहीतर पोरीला बाजूला बसवा. सुरुवातीला पोस्टिंगची यादी असते, फील्ड (सीमेकडची ड्युटी) का पीस (शांत भागातली) ते लिहिलेलं असते. तिथं चूक आहे का पाहा, कारण दुखणं पहिल्यांदा कुठं असताना निघालं यावर बोर्ड लय काही ठरवते. हार्टवाल्यांच्या केसमध्ये तं अटॅकच्या आधीच्या 14 दिवसात काय ड्युटी केली तेही पाहतात. मग तुमचं स्वतःचं स्टेटमेंट, त्यात 'भरतीच्या आधी हा त्रास होता का' याच्यापुढं काय लिहिलं ते पाहा. अन् शेवटी बोर्डाचं मत, हो-नाहीचे रकाने, अन् बाजूला कारण. त्या कारणाच्या रकान्यावर बोट ठेवा. तिथं बहुतेक वेळा एकच ओळ असते, 'सेवेशी संबंध नाही' किंवा 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर' म्हणजे शरीराचाच मूळ दोष, बस. कावून संबंध नाही, ते काहीच नाही.

अन् इथंच तुमची अपील उभी राहते. 2013 च्या धरमवीर सिंगच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भरतीच्या वेळी तो आजार कागदावर नोंदला नसन तर माणूस धडधाकट भरती झाला असंच धरायचं, अन् पुढं आलेलं दुखणं सेवेतलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, अन् बोर्डानं कारण लिहूनच द्यायला पाहिजे. त्याच्यासाठीच भरतीचा मेडिकल फॉर्म मागायचा. तिथं कान नॉर्मल, घरी येताना कान खराब, मधात तोफखाना. आमच्या त्या भाऊच्या अपीलमध्ये आम्ही याच्या पलीकडं भाषण केलंच नाही.

बाहेरच्या डॉक्टरचा कागद चालते का, हे सगळेच इचारतात. टक्का मिलिटरी बोर्डच ठरवते, पण अपीलला जोड म्हणून चालते, फक्त कागद कामाचा पाहिजे. 'पेशंटला गुडघेदुखी आहे, आराम करावा' असा कागद चुलीत घातला तरी चालन. त्यात आजाराचं नेमकं नाव, कोणत्या तपासणीवरून म्हणता तिची तारीख, जुने मिलिटरीचे कागद मी पाहिले हे वाक्य, अन् अशा कामानं हे होऊ किंवा वाढू शकते का हे कारणासकट. नागपूरच्या मेडिकलमध्ये स्पेशालिस्टला दाखवताना जुनी केस शीट संग न्या, नाहीतर ते बिचारे आजचंच लिहिणार. कानाचं असन तं ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, ग्राफ घ्या.

अजून एक घोळ. जिल्हा रुग्णालयातून काढलेलं यूडीआयडी म्हणजे दिव्यांगाचं कार्ड घेऊन लोक म्हणतात माझी 45 टक्के डिसअॅबिलिटी आहे, पेन्शन द्या. ते वेगळं, सिव्हिल सवलतींचं. पेन्शनचा टक्का त्याच्यानं ठरत नाही.

मुदतीचं पाहा. रिजेक्शनचं लेटर हाती आल्यापासून सहा महिन्यात पहिली अपील, ती फेटाळली तर परत सहा महिन्यात दुसरी, तिथंही नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, आपल्याला मुंबईचं. विदर्भ एक्सप्रेस आहे, पण दर तारखेला जायची गरज नाही, वकील पाहतो. माझं पहिल्याच अपीलमध्ये अॅग्रॅव्हेटेड म्हणून मान्य झालं, सगळ्यांचं होतेच असं नाही. उशीर झाला असन तं उशिराचं कारण लिहून द्या अन् करा, पेन्शनचा हक्क दर महिन्याला नवीन उभा राहतो असं कोर्टं मानतात, फक्त मागची थकबाकी साधारण केस टाकल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच भेटते. म्हणजे तुम्ही सोयाबीन निघू द्या मग पाहू म्हणाल तेवढे महिने मागून कटत जातात.

अपील लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथं कल्याण संघटक असतात, बहुतेक स्वतः फौजीच. गावोगावी फिरणाऱ्या एजंटाला, जो म्हणते एरियर्सचे अर्धे द्या बाकी मी पाहतो, त्याला चहा पाजा अन् वाटं लावा. ओरिजिनल पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश कोणाच्या हाती द्यायचा नाही अन् स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलचा ओटीपी तं सख्ख्या भाच्याला बी नाही. मंजूर झालं की स्पर्शवर नवीन पीपीओ येतो, त्यात टक्का किती अन् कधीपासून ते स्वतः वाचून पाहा.

सगळं स्पीड पोस्टनं पाठवा. ती पावती गुळगुळीत कागदाची असते, ट्रंकेत ठेवली की वर्षभरात कोरी होते, माझी एक झाली अन् अपील कधी पाठवली तेच दाखवता येईना, म्हणून पोस्टातून निघाल्याबरोबर बाजूच्या दुकानात तिची झेरॉक्स काढा.